सहा ग्रॅम मोड

गेल्या रविवारी नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या दोन वर्षांच्या संशोधनाची किंमत पाच रुपये ठरली, आणि ती ठरवणाऱ्या गृहस्थांना त्यासाठी गादीवरून उठावेसुद्धा लागले नाही.

आईला वास्तुशांतीच्या आहेरासाठी घंगाळ घ्यायचे होते आणि माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या सात पट्ट्या होत्या. "आमची मुलगीही तांब्यावरच काम करते हो," असे आईने कौतुकाने सांगताच दुकानदारांनी हात पुढे केला.

"यावर काय चढवता?" पंचवीस मायक्रॉन जाडीची पट्टी उजेडात धरून त्यांनी विचारले.

"कार्बनचा थर. एका अणूच्या जाडीचा. त्याला ग्राफीन म्हणतात."

"म्हणजे कल्हई."

कल्हई नव्हे, हे मी शांतपणे समजावले. पट्टी क्वार्ट्झच्या नळीत हजार अंशांच्या आसपास तापवायची, आधी हायड्रोजन सोडायचा, मग मिथेन. तापलेल्या तांब्यावर मिथेन फुटतो आणि त्यातला कार्बन षटकोनी जाळी विणत पसरतो.

"आधी हायड्रोजन कशाला?"

"तांब्यावरचे ऑक्साइड निघून जावे म्हणून."

"म्हणजे नवसागर," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तो याच कारणासाठी, हे मला नाकारता येईना, याचाच राग अधिक आला. म्हणून मी निकेलचा विषय काढला; ग्राफीन त्यावरही वाढवतात. निकेल हे पंगतीत आग्रहाला बळी पडणाऱ्या पाहुण्यासारखे असते: तापलेले असताना कार्बन पोटात घेते आणि निवताना तो जमेल तसा बाहेर टाकते, त्यामुळे थर कुठे एक तर कुठे दहा येतात. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून पृष्ठभाग झाकला गेला की काम बहुतांशी आपोआप थांबते. सिलिकॉन कार्बाइडवर तर बाहेरून कार्बन द्यावाच लागत नाही; स्फटिक पुरेसा तापवला की वरचे सिलिकॉन उडून जाते आणि मागे उरलेला कार्बन ग्राफीन होऊन बसतो. तो थर तिथून उचलून दुसरीकडे नेण्याची कटकटही बऱ्याचदा नसते. पण त्या स्फटिकाची चकती इतकी महाग असते, की तिची मागणी कार्यालयात नेल्यावर तिथल्या कारकुनांनी माझ्याकडे मी सोन्याची लंका मागितल्यासारखे पाहिले होते.

हे सगळे ऐकून दुकानदार पट्टीवरच्या लालसर डागांवर नख ठेवून म्हणाले, "इथे उडालीये."

हे मात्र लागले. थर अखंड आहे का, हे पाहण्यासाठी पट्टी हवेत थोडी तापवतात. ग्राफीनखालचे तांबे चकचकीत राहते आणि उघडे पडलेले लाल होते. तो निष्कर्ष पक्का करण्यासाठी मी रामन वर्णपटाच्या, म्हणजे लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून थर ओळखणाऱ्या तपासणीच्या, रांगेत पाच आठवडे उभी होते.

"आणि थर दोन्ही बाजूंना येतो का?"

"येतो."

"मग मागचा?"

"तो काढून टाकतो."

"निम्मा माल फुकट, वहिनी," हे त्यांनी मला नव्हे, आईला सांगितले, आणि तिने खेदाने मान हलवली. चार महिने एकाच भट्टीसाठी तिघांनी वाट पाहायची, ऐन वेळी वीज जायची, वायूचे नळकांडे भरून यायला पंधरवडा लागायचा, आणि शेवटी आपल्याच जन्मदात्रीने परक्या माणसाच्या हिशेबाला मान डोलवायची!

मी पट्ट्या परत मागेपर्यंत त्या काट्यावर चढल्या होत्या. सातही मिळून सहा ग्रॅम. "मोडीत पाच रुपये धरतो," ते म्हणाले, आणि आईने, जी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटे वाद घालते, ते ताबडतोब मान्य केले. घंगाळाच्या पावतीवर तेवढी वजावट झाली.

वापरलेल्या तांब्याचा हिशेब कार्यालय दोन महिन्यांपासून मागत होते, म्हणून सोमवारी मी तीच पावती नेऊन दिली. काल त्यांचे पत्र आले आहे: मोडीचे पाच रुपये संस्थेच्या खात्यात भरावेत आणि घंगाळ कोणत्या प्रयोगासाठी घेतले, याचा लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा.