तीन मिरच्या छापल्या होत्या, तीन!

साखर! तिखट म्हणून मागवलेल्या नूडल्समध्ये साखर! तास उलटून गेलाय, वाडगा ओट्यावर गार पडलाय आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. एवढ्या थंडीत तापलेलं दुसरं काहीच नाही माझ्याजवळ.

सकाळपासून त्या वाडग्याच्या भरवशावर दिवस काढत होते. बाहेर तेच राखाडी आभाळ. मोज्यांवर मोजे चढवले तरी पायाची बोटं गारठलेली, टाइप करताना नखं निळसर पडलेली. दहाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तिमाहीचे आकडे वाचत होतं आणि मी झांझिबारमध्ये होते. विषुववृत्ताच्या जेमतेम सहा अंश खाली, जानेवारीत भर उकाडा. मानेवरून घाम ओघळतोय, सुती कुडता पाठीला चिकटलाय, दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतोय, आणि मी सावली शोधतेय. सावली शोधायची वेळ यावी, एवढंच स्वप्न आहे माझं! गेले तीन महिने मी सावलीतच बसलेय.

आणि त्या उकाड्यात समोर काहीतरी जहाल तिखट. रोज वेगळं असतं. कधी सिचुआनचा उकळता हॉटपॉट, वर सुक्या लाल मिरच्यांचा थर, एकेक घास चॉपस्टिकनं बुडवून काढायचा, आणि तिथल्या त्या तिरफळासारख्या मिरीनं ओठ बधिर झालेले. कधी जमैकातलं जर्क, स्कॉच बॉनेट मिरची चोळून धुरावर भाजलेलं मांस. नाक वाहतंय, कान तापलेत, टाळूवर घाम आलाय, आणि हात थांबत नाहीये. त्या मीटिंगमध्ये मला दोनदा प्रश्न विचारला गेला. दोन्ही वेळा मी "हो" म्हणाले. प्रश्न काय होता, देव जाणे.

तर आज ठरवलं की विमानाचं तिकीट नाही तर नाही, निदान वाडगा तरी मागवायचा. ॲपवर तिखटाच्या पातळ्या होत्या, मी शेवटची निवडली. तीन लाल मिरच्यांचं चित्र आणि खाली 'अतितिखट'. वर टीप लिहिली, 'कृपया खरोखर तिखट करा, मला सवय आहे.' चाळीस मिनिटं थांबले. झाकण काढलं, वाफ चष्म्यावर आली, पुसून बघितलं तर वर लालभडक तेलाचा तवंग आणि मधोमध एक चिरलेली लाल मिरची, देठासकट. काय सांगू, तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. पहिला घास घेतला, थांबले. दुसरा घेतला. गोड. टोमॅटो, रंग आणि साखर. लहान मुलाला भरवावं असं काहीतरी.

मग ती मिरची उचलून नीट बघितली. मधून उभी चिरलेली आणि आतला पांढरा गाभा सुरीनं खरवडून काढलेला. बिया गेल्या त्याचं मला काही नाही. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात, पण तो तयार होतो त्या पांढऱ्या गाभ्यात, आणि बियांना लागतो तो त्याच्याच शेजारामुळे. म्हणजे कुणीतरी बसून, वेळ काढून, मिरचीतली मिरची काढून टाकली आणि नुसती साल सजावटीला ठेवली. चुकून झालं असं म्हणायला जागाच नाही!

फोन केला. तर तिकडून अगदी समजूतदार आवाजात, "मॅडम, बहुतेकांना झेपत नाही, मग तक्रारी येतात. म्हणून आम्ही जरा बॅलन्स करतो." मी म्हटलं, "अहो, मी टीप लिहिली होती." तर म्हणे, "हो, टीप वाचली ना." वाचली! वाचून, समजून, माझ्यासाठी काय झेपतं ते यांनी ठरवलं. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी एक मिरचीची पातळी आहे, बिनमिरचीची पण आहे. तीन मिरच्या दाबणाऱ्याला तरी तिखट द्या! मग ते चित्र काढता कशाला?

विल्बर स्कोव्हिल नावाच्या माणसानं १९१२ साली तिखटपणा मोजायची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. त्यावरून आकडा ठरायचा. ढोबळी मिरची शून्य, हालापेन्यो अडीच ते आठ हजार, हाबानेरो एक लाखाच्या पुढे, आणि २०२३ मध्ये गिनीजनं जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंदवलेली 'पेपर एक्स' मिरची २६,९३,०००. त्या माणसानं साखरेचं पाणी मोजमापासाठी वापरलं. यांनी तोच प्रयोग माझ्या जेवणावर केला आणि तिखट पार नाहीसं झाल्यावरच थांबले!

ढोबळी मिरचीवरून आठवलं. माझ्या ऑफिसातली एक बाई ढोबळी मिरची घातलेल्या भाजीला 'बाई गं, तिखट!' म्हणते आणि पाणी पिते. शून्य आहे त्यात, शून्य! तिखटपणाचा रेणू म्हणजे कॅप्सेसिन, तो ढोबळीत बनतच नाही. आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे खरंच तिखट लागलं तर पाणी पिऊन काय होणार? दूध प्या, दही खा. हीच बाई मला रोज सांगते, "अगं, आल्याचा चहा घे, बरं वाटेल." घेतला. ऑक्टोबरपासून घेतेय. बोटं निळीच आहेत.

आणि ते थंडीचे भक्त! 'अहा, काय मस्त हवा पडलीये', 'दुलईत पुस्तक घेऊन पडायचं'. त्यांना कामावर जायचं नसतं का? अंधारात उठायचं, अंधारात परत यायचं, ओले कपडे चार दिवस वाळत नाहीत, केस धुवायचं म्हटलं तरी धैर्य गोळा करावं लागतं, त्यात मस्त काय आहे? आपण उदास वाटतं म्हटलं की 'मनावर घेऊ नकोस'. अहो, नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यातल्या या उदासीचं रीतसर वर्णन करून ठेवलंय. प्रकाश कमी झाला की काही माणसं खचतात, झोप वाढते, भूक वाढते. ही काही माझी नाटकं नाहीत.

रजेचं तर विचारूच नका. मॉरिशस ठरवलं होतं. दक्षिण गोलार्धात आहे, आपल्या कडाक्यात तिथे भर उन्हाळा. साहेबांनी अर्ज बघितला आणि म्हणाले, "आत्ता नको, एप्रिलमध्ये जा की." एप्रिलमध्ये! एप्रिलमध्ये ऊन माझ्या दारात येतं, त्यासाठी समुद्र ओलांडून कशाला जाऊ? गेल्या वर्षीही हेच वाक्य, त्याच खुर्चीतून. आणि त्याच साहेबांनी नाताळात कुठल्याशा किनाऱ्यावरून पायांचे फोटो पाठवले, ऑफिसच्या ग्रुपवर. नुसते पाय, मागे समुद्र. खाली लिहिलं होतं, 'खूप गरम होतंय इथे.' त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले. मी दिला नाही.

सूर्याचाही राग येतो मला, खरंच सांगते. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ केव्हा असते माहितीये? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैत ती त्याहून आणखी ५० लाख किलोमीटर लांब असते. म्हणजे तो एवढा जवळ येतो आणि मी इथे कुडकुडतेय, कारण पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि या दिवसांत आपली बाजू त्याच्याकडे पाठ करून असते. सगळं दक्षिणेला जातं. वर २२ डिसेंबरनंतर जो तो सांगतो, 'आता दिवस मोठा व्हायला लागला!' होतो मोठा, मिनिटामिनिटानं. थंडी मात्र त्यानंतरच वाढते, कारण जमीन आणि पाणी आणखी कित्येक आठवडे निवतच राहतात.

म्हणून तर मिरची हवी असते हो! तिखटानं अंगाचा ताप वाढत नाही हे मला माहितीये, उलट घाम येऊन अंग निवतं. पण जिभेवर एक दार आहे, टीआरपीव्ही१ नावाचं. साधारण ४३ अंशांच्या चटक्याला जे उघडतं, तेच कॅप्सेसिनलाही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यासाठी मिळालं. मेंदूला दोन्हीतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी चटका बसलेला असतो. म्हणजे ना तिकीट, ना रजा, ना कुणाची परवानगी. एका मिरचीत दहा मिनिटांचा भर उन्हाळा मिळतो. भास असेल, असू दे, मला तो भासच हवा होता आज. तो एका सुरीनं खरवडून कचऱ्यात टाकला त्यांनी.

मघाशी ती मिरची टाकून द्यायला उचलली. देठाशी, टोपीच्या आत, सुरी पोचली नव्हती. तिथे पांढऱ्या गाभ्याचा एवढासा तुकडा राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. नखानं काढला आणि जिभेवर ठेवला. आधी काही नाही. मग टोकाशी चुणचुण, मग एकदम घशापर्यंत जाळ. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, कानाच्या पाळ्या तापल्या. खिडकीबाहेर तोच अंधार होता आणि मला मानेवर ऊन लागत होतं.

चार मिनिटं टिकलं. घड्याळ लावून बघितलं मी. मग परत पाय गार.

एवढं होतं त्या मिरचीत! आणि ते काढून टाकायला त्यांनी माणूस बसवलाय.