गालफुगी ‘खाली उतरली’ म्हणून पोराला गरम विटेचा शेक देऊ नका

शिमग्यात पालख्या घरोघर फिरत होत्या त्याच आठवड्यात देवगडला ताईच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, गालफुगी झाली. वय सतरा. आधी एक गाल, दोन दिवसांनी दुसरा. आणि त्याच वेळी ताईच्या सासरच्या ग्रुपवर तो मेसेज आला, जो एव्हाना अर्ध्या सिंधुदुर्गात फिरलाय, मला रत्नागिरीतही तीन जणांनी पाठवला. ‘मुलग्यांच्या आईवडिलांनो सावधान’ अशी सुरुवात आहे त्याची. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गालफुगी झालेला मुलगा पुढे बाप होऊ शकत नाही, म्हणून स्थळ बघताना विचारून घ्या. मुलगा खाटेवरून उतरला की आजार खाली, म्हणजे अंडकोषात, उतरतो. उतरलाच तर चुना-हळदीचा लेप आणि गरम विटेचा शेक द्या, डॉक्टरकडे नेऊ नका, इंजेक्शनने ‘नस मरते’. एमएमआर (गोवर, गालफुगी आणि रुबेलाची) लसीने मुलं नपुंसक होतात म्हणून तर सरकार ती देत नाही. आणि शेवटी, करोनाच्या लसीने पुरुषांचे शुक्राणू संपवले.

मी एरवी असले मेसेज सोडून देते. हा नाही सोडणार, कारण यातल्या तिसऱ्या मुद्द्यामुळे माझ्या भाच्याच्या अंगावर खरंच वीट ठेवली गेली.

झालं असं की गाल सुजल्यानंतर सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा एका बाजूचा अंडकोष दुखायला लागला. सतरा वर्षांचा पोरगा, लाजेने बोलला नाही. रात्री नऊला ताप चढला, उभं राहवेना तेव्हा आईला सांगितलं. शेजारची काकी आली, म्हणाली, “अगो, ता खाली उतारला तर झिलाचा काय खरा नाय.” मग त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसं वीट चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून रात्रभर शेक. सकाळी मला फोन आला तेव्हा कातडी लालभडक झालेली आणि सूज दुप्पट. मी फोनवरच ओरडले, गाडी करा आणि निघा. कणकवलीला डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अकरा वाजले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? दुखणं नेमकं कधी सुरू झालं. कारण त्यांना भीती गालफुगीची नव्हतीच, त्यांना भीती टॉर्शनची होती. टॉर्शन म्हणजे वृषण, म्हणजेच अंडकोष, ज्या नळ्यांवर लटकलेलं असतं तो जुडगाच आतल्या आत पिळवटतो आणि रक्त बंद होतं. हे वयात येणाऱ्या मुलांमध्येच जास्त होतं. साधारण सहा तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, जसजसा उशीर होतो तसतशी आशा कमी होत जाते, आणि मग काढूनच टाकावं लागतं. आमचे चौदा-पंधरा तास उलटून गेले होते. सोनोग्राफीत रक्तप्रवाह व्यवस्थित दिसला म्हणून आम्ही वाचलो, ती गालफुगीचीच सूज निघाली. पण हाच मेसेज वाचून उद्या कुणी टॉर्शन झालेल्या पोराला ‘गालफुगी उतरली’ म्हणून रात्रभर शेकत बसलं तर? गालफुगीची सूज साधारणपणे गाल फुगल्यावर चार ते आठ दिवसांनी, तापासोबत येते, टॉर्शनचं दुखणं अचानक सुरू होतं, बऱ्याचदा उलटी होते. पण हा फरक घरी बसून ठरवायचा नाही. मुलाला तिथे अचानक जोरात दुखायला लागलं की मध्यरात्र असली तरी निघायचं, देवगडहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता लांबचा आहे हे मलाही माहितीये, म्हणूनच सांगतेय की सकाळची वाट बघू नका.

आणि शेक तर उलटाच उपाय आहे. वृषण पोटाबाहेर पिशवीत का आहेत? कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार डिग्री कमी तापमान लागतं. तिथे तापलेली वीट? गालफुगीच्या सुजेला डॉक्टर आराम, आधार देणारी घट्ट चड्डी, कापडात गुंडाळून बर्फ आणि दुखणं कमी करणारी गोळी सांगतात. व्हायरस आहे, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने देऊ नका. आणि इंजेक्शनने नस मरते हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावंच लागेल. गालफुगीचा व्हायरस वृषणात जाऊ शकतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, त्यांचे आकडे असे: वयात आलेल्या पुरुषांना गालफुगी झाली तर लस न घेतलेल्यांपैकी साधारण 30 टक्क्यांना ही सूज येते, लस घेतलेल्यांमध्ये 6 टक्क्यांना. सूज आली की वृषण नंतर थोडं लहान होऊ शकतं, कारण त्याच्याभोवतीचं आवरण चिवट असतं, ताणत नाही, आतल्या आत दाब वाढतो आणि शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नळ्या चिरडतात. पण बहुतेकांना सूज एकाच बाजूला येते, दुसरं वृषण काम करत राहतं. त्याच सीडीसीने स्पष्ट लिहिलंय की यामुळे शुक्राणू कमी होऊ शकतात, पण वंध्यत्वाशी थेट संबंध दिसलेला नाही. दोन्ही बाजूंना सूज आलेली असेल तर पुढे तीनेक महिन्यांनी वीर्याची तपासणी करून घ्यावी, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून लगेच करून उपयोग नसतो. आणि ज्याला पाचव्या-सातव्या वर्षी गालफुगी झाली त्याचा तर इथे सहसा प्रश्नच येत नाही, वयात येण्याआधी ही सूज क्वचितच येते. आमच्या बाबांना लहानपणी झाली होती, आम्ही चार भावंडं आहोत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मालवणकडचं एक चांगलं स्थळ या मेसेजनंतर थंड पडलंय, मुलगा आमच्या आतेभावाचा, गालफुगी त्याला दुसरीत असताना झालेली.

अजून एक. हा मेसेज ‘बाप होऊ शकत नाही’ आणि ‘नपुंसक’ हे एकच समजून लिहिलाय. शुक्राणू कमी असणं वेगळं आणि संबंध ठेवता न येणं वेगळं. शुक्राणू कमी असलेला माणूस बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असू शकतो. ज्या पोरांना कधीकाळी सूज येऊन गेली ती ‘नपुंसक’ हा शब्द ऐकून काय काय मनात घेऊन बसत असतील याचा विचार कुणी केलाय का?

खाटेवरून उतरल्याने आजार उतरत नाही. व्हायरस रक्तातून पसरतो, पडून राहिलेल्यालाही होतं. आराम करू दे, आणि गाल सुजल्यापासून पाच दिवस शाळा-कॉलेजला पाठवू नका, ते दुसऱ्यांसाठी.

लसीचं म्हणाल तर सरकारी केंद्रात एमएमआर मिळत नाही हे खरं, तिथे एमआर मिळते, गोवर आणि रुबेलाची. कारण गोवराने मुलं दगावतात आणि रुबेलाने पोटातल्या बाळाला व्यंग येतं. त्यात नपुंसकत्वाचा संबंध कुठे आला? एमएमआरमधला दुसरा एम म्हणजे गालफुगी (मम्प्स), ती लस खाजगीत घ्यावी लागते, बालरोगतज्ज्ञांची संघटना ती द्यायलाच सांगते. 2018 च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून एमआर दिली तेव्हा भाच्यालाही मिळाली आणि ताईला वाटलं गालफुगीचीही झाली. मीही विचारलं नाही. ती चूक आमची.

करोनाच्या लसीबद्दल मायामीच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये 45 तरुणांची वीर्यतपासणी दोन डोसांच्या आधी आणि नंतर केली, शुक्राणू कमी झाले नाहीत. ती लस आपल्या कोविशील्डसारखी नव्हती, एमआरएनए या वेगळ्या प्रकारची होती, हे मान्य. पण ‘संपवले’ म्हणणाऱ्याने एक तरी आकडा दिलाय का? करोनाच काय, कुठल्याही जोरदार तापाने शुक्राणू काही आठवडे कमी होतात, मग भरून येतात.

आणि बापपणाची इतकी काळजी आहे तर शरीरसंबंधातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, एचपीव्ही यांच्याबद्दल एक ओळ का नाही? डासांतून पसरणारा झिका व्हायरस वीर्यात टिकून राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना झिका झालेल्या पुरुषांना तीन महिने कंडोम वापरायला सांगते, तो 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला होता. त्यावर कुणी मेसेज फिरवत नाही.

भाचा आता बरा आहे, एक बाजू अजून थोडी दुखते, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचंय. ताईने तो मेसेज डिलीट केलाय. तिच्या जाऊबाईंनी अजून नाही, त्यांना हेच पाठवतेय.