‘फार्मसीला काय, कुणीही जातं’: फिरत असलेल्या त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो मला नणंदेने पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि चौकशीला कॉलेजात आलेल्या दोन पालकांनी फोन पुढे करून दाखवला. मजकूर साधारण असा: ‘नीट हुकली? घाबरू नका, बी.फार्म करा. बारावीला कुठलेही विषय चालतात, सीईटी नावाला असते. चार वर्षं नुसतं पाठांतर, कॉलेजला गेलं नाही तरी चालतं. डी.फार्म काय, बी.फार्म काय, शेवटी मेडिकलच टाकायचं. आणि काहीच नाही जमलं तर लायसन्स भाड्याने द्या, घरबसल्या पैसे.’

मी 16 वर्षं बी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या मुलांना शिकवते आहे (डी.फार्म ही पदविका). हा मेसेज वाचून मुलं निर्णय घेतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

विषयांपासून सुरुवात करू. ‘कुठलेही’ चालत नाहीत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र. खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक नसलं तरी चालतं, एवढंच काय ते खरं. पण न घेतलेला विषय सुटत नाही. जीवशास्त्र नसलेल्याला पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल बायॉलॉजी आणि गणित नसलेल्याला रेमेडियल मॅथेमॅटिक्स करावंच लागतं. गणितवाल्या मुलांची पहिल्या दोन महिन्यांतली दमछाक मी दरवर्षी बघते. तिकडे रेमेडियलला पेशीपासून सुरुवात, आणि इकडे त्याच आठवड्यात ‘हॅप’च्या तासाला, म्हणजे शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राला, हाडांची नावं. जी मुलं टिकून अभ्यास करतात ती दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत बरोबरीने येतात. पण ‘काहीही चालतं’ ऐकून आलेला मुलगा तिथेच खचतो.

‘सीईटी नावाला’ या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. राज्यातल्या बी.फार्मच्या जागांसाठी कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. पीसीएम (गणिताचा) किंवा पीसीबी (जीवशास्त्राचा), कुठलाही ग्रुप द्या, पेपर 200 गुणांचे. त्यातले साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे, आणि अकरावी ‘काढून टाकलेली’ मुलं तिथेच मार खातात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. नीटची तयारी केलेली, बारावीला चांगले गुण, पण सीईटीचा फॉर्मच भरलेला नव्हता. का, तर मेसेजमध्ये लिहिलं होतं नावाला असते. फॉर्मची मुदत संपून कितीतरी महिने झाले होते. वडील मला पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘मॅडम, काहीतरी मार्ग असेल ना?’ शेवटी ती डी.फार्मला गेली, कारण तिथला प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. आता दुसऱ्या वर्षात आहे, आणि पुढे थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचं म्हणते. तसा तो घेता येतो. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

हजेरीचं थोडक्यात सांगते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात प्रत्येक विषयाला 80 टक्के हजेरी लागते आणि पास व्हायला 50 टक्के गुण. सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवड्यांचं, 150 तासांचं प्रशिक्षण, सातव्यात प्रॅक्टिस स्कूल, आठव्यात प्रकल्प.

आता पाठांतर. माझ्या प्रॅक्टिकलला या आणि मुलांना गोळी बनवताना बघा. पावडरीत बाइंडर, म्हणजे कण चिकटवणारा पदार्थ, घालून ओला लगदा करायचा, चाळणीतून दाणे पाडायचे, सुकवायचे, मशीनला लावायचे. दाणे ओलसर राहिले तर गोळी मशीनच्या दाबणाऱ्या पंचाला चिकटते. फार कोरडे झाले तर गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटून हातात येते. किती ओलं आणि किती कोरडं, हे कुठल्याही पुस्तकातून पाठ होत नाही, बोटांना कळावं लागतं. मग तीच गोळी डिझोल्यूशनच्या भांड्यात, 37 अंशांच्या पाण्यात फिरवायची आणि ठरावीक वेळात किती औषध बाहेर आलं ते मोजायचं. नाही आलं तर गोळी दिसायला कितीही सुबक असो, रोग्याच्या उपयोगाची नाही.

आणि हे का शिकवतात, त्याचं उत्तर मुंबईतच आहे. 1986 साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या 14 रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठ्यापासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा केला. मी वर्गात दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही दाट, आणि चवीला दोन्ही गोड. ‘यातलं विष कुठलं ते सांगा,’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. डोळ्यांना ते कळत नाही, तपासणीला कळतं. ॲनालिसिस (तपासणी), क्वालिटी ॲशुरन्स (दर्जाची हमी), ज्युरिस्प्रुडन्स (औषधांचे कायदे) हे विषय त्यासाठी आहेत. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातली काही आपल्या नागपुरात उपचाराला आणलेली होती. पुन्हा तेच रसायन. त्या आठवड्यात मला वर्गात धड बोलता आलं नाही.

डी.फार्म आणि बी.फार्म एकच? दोघांनाही राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करून मेडिकल चालवता येतं, आणि उत्तम काउंटर सांभाळणारे डी.फार्मवाले मी पाहिले आहेत. त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. पण डी.फार्म दोन वर्षांचं आणि वर 500 तासांचं प्रशिक्षण, तर बी.फार्म आठ सेमिस्टरचं. औषध निरीक्षक व्हायचं तर पदवी लागते. एम.फार्मसाठी जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची तर पदवी लागते. कारखान्यात औषधनिर्मितीवर देखरेख करायला 18 महिन्यांचा अनुभव असलेला फार्मसी पदवीधर नियमात बसतो. मुलाला यातलं काय करायचंय ते आधी विचारा, मग कोर्स ठरवा. आणि कॉलेज कुठलंही असो, त्या वर्षी कौन्सिलची मान्यता आहे का ते बघितल्याशिवाय फी भरू नका.

राहिलं लायसन्स भाड्याने देणं, म्हणजे स्वतः दुकानात न बसता आपल्या नावावर दुसऱ्याला मेडिकल चालवू देणं. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांतही त्याची प्रत्यक्ष देखरेख लागते. प्रत्यक्ष म्हणजे तो माणूस दुकानात हवा.

गेल्या दिवाळीत माझी एक विद्यार्थिनी गावी गेली होती. आत्याला संधिवात, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलेलं. पाकिटावर पेनने लिहिलं होतं, ‘रोज 1’. पोरीने पाचव्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीत हे औषध शिकलेलं होतं. संधिवातात ते आठवड्यातून एकदा देतात, रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणंच थांबू शकतं. तिने चिठ्ठी मागितली, डॉक्टरांना फोन लावला. आठवड्यातून एकदाच होतं. तोवर तीन दिवसांत तीन गोळ्या पोटात गेल्या होत्या आणि आत्याच्या तोंडात फोड आले होते. लगेच दवाखान्यात नेलं, म्हणून निभावलं.

ती त्या दुकानात गेली तेव्हा काउंटरवर बारावी झालेला एक मुलगा होता. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावलेलं होतं. त्यावर ज्याचं नाव होतं तो दुसऱ्या जिल्ह्यात एका कंपनीत नोकरीला होता आणि दरमहा भाडं घेत होता.