खुलासा : आतड्याच्या ऑपरेशनआधीच्या गोळ्या बिलासाठी नसतात

घाटंजी-आर्णीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी जुलाबाची पावडर पुरे, अँटिबायोटिकच्या गोळ्या दवाखाने बिल फुगवायला देतात." हे चूक आहे.

पावडरीनं मळ निघतो, जंतू उरतातच. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात ते अब्जावधी असतात. आतडं कापताना थोडे जरी बाहेर सांडले, तरी जखम पिकू शकते. नुसतं पोट साफ करून हा धोका फारसा घटत नाही. म्हणून आदल्या दिवशी बहुधा निओमायसिनसोबत मेट्रोनिडॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन देतात. निओमायसिन रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच राहतं. तेच तर हवं असतं. चिरा देण्याआधी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, ते वेगळं. एकाच्या बदल्यात दुसरं नव्हे.

परवा आमच्या शेजारच्या काकांनी मेसेज वाचून गोळ्यांची पुडी उशाखाली सारली. पावडरीचं दोन लिटर पाणी मात्र तोंड वाकडं करत, गिलास-गिलास करून संपवलं! सुनेच्या ध्यानात आलं म्हणून बरं. तिनं लगेच सर्जनला फोन लावला.

गोळ्या प्रत्येकच ऑपरेशनला लागतात असं नाही, आणि आतडं पूर्ण अडलं असेल तर पावडरही चालत नाही. ते सर्जनलाच विचारा.