सहा बदाम आणि मूठभर मखाणे

आज दुपारी सोसायटीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने तक्ता टाकला. ‘वाढत्या वयाच्या मुलींसाठी संध्याकाळचं हेल्दी खाणं’. मूठभर मखाणे, सहा बदाम, ग्रीन टी. खाली अंगठेच अंगठे. मी ऑफिसात डबा खात होते, घास हातातच राहिला.

मुलींसाठी! म्हणजे मुलग्यांचा तक्ता वेगळा असणार.

माझी लेक नववीत आहे. खो-खो खेळून साडेसहाला येते, सॉक्समध्ये अर्धं मैदान घेऊन. बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजायला लागतात. तिच्यापुढे सहा बदाम मोजून ठेवू? सातवा मागितला तर काय सांगू, उद्या ये?

आमच्या साताऱ्याच्या घरी दादा तालमीतून यायचा तेव्हा आई सकाळच्या ज्वारीच्या भाकऱ्या कुस्करायला घ्यायची. लोखंडी कढईत मोहरी तडतडली की शेंगदाणे, कांदा, मिरची, हळद, मग तो कुस्करा, वरून ताकाचा हबका आणि झाकण. झाकण काढलं की वास पार ओसरीपर्यंत. दादा ताट भरून खायचा. किती खाल्लंस, असं त्याला कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. त्या फोडणीच्या भाकरीला आम्ही हेल्दी म्हणत नव्हतो, शिळं संपवणं म्हणत होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे बघा. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी, १३ ते १५ वर्षांच्या मुलीला २४००. म्हणजे आमच्या घरात ताट मोजायचंच असेल तर ते ह्यांचं मोजायला हवं. आणि पाळी सुरू झालेल्या पोरींना लोह कुठून मिळणार, ग्रीन टीतून? चहाने उलट अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्यापेक्षा मोडाच्या मटकीवर लिंबू पिळून द्या. उकडलेली अंडी द्या. काहीच नसेल तर शेंगदाणे-गूळ द्या, पण वाटीभर द्या हो!

मखाणे वाईट नाहीत, मान्य. नोकरी करून रोज थालीपीठ थापायला वेळ नसतो, तेही मान्य. माझ्याकडेही आठवड्यातून एकदा क्लासखालचा वडापाव असतो, आणि त्यातला अर्धा मी खाते.

आता वर गाळलेलं लिहिते, कारण लिहिता लिहिता तेच डोक्यात फिरतंय. त्या कढईतलं दादाला ताट असायचं आणि मला वाटी. लहानशी, स्टीलची, कडेला पोचा आलेली. मीही शाळेच्या मैदानावरून धावूनच आलेली असायचे. दादाचं झालं की कढई खरवडायला मिळायची, आणि तळाची खरपूस खरवड मला आवडते असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

मघाशी आईला फोन केला. भांडायलाच, खरं सांगायचं तर. म्हटलं, मला वाटीच का गं द्यायचीस?

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “तू मागितलंस कुठं कधी? मागितलं असतंस तर दिलं असतं की.”

यावर काय बोलणार? एवढी माणसं रांधून वाढताना तिची स्वतःची भाकरी कुठल्या वाटीत होती, हेही मला आठवेना. राग आला होता तो कुठे गेला कळलंच नाही. मग भाजणी कशी काय, पाऊस कसा काय, असलंच बोललो.

फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलं, मधोमध भोक पाडून तेल सोडलं. लेक ओट्याला टेकून उभ्यानेच खात होती, दह्यात बुडवून. दोन झाली. तिसरं तव्यावर असतानाच म्हणते, “आई, अजून एक लाव ना.”

तोंड भरलेलं होतं, तरी मागितलं.

भाजणीचा डबा तळाला गेलाय. आईला अजून दोन किलो पाठवायला सांगायला हवं.