केस गळण्यावरून केमोचा गुण ठरत नाही

‘केस गळले नाहीत म्हणजे केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) लागू पडत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे, आणि त्यापायी कुणी उपचार अर्धवट सोडला तर ते जिवावर बेतेल.

केमोची बहुतेक औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळांतल्या पेशीही तशाच, म्हणून त्याही सापडतात. पण किती, ते औषधावर अवलंबून. डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. कॅपेसिटाबिनने केस बहुधा नुसते विरळ होतात. त्याचा त्रास तळहात-तळपायांना, ते लाल होऊन सोलवटतात. गाठ आटली का, हे स्कॅन आणि तपासण्यांतूनच कळतं. उलट्या झाल्या नाहीत म्हणजे केमो लागू पडत नाही, असंही नाही: त्या होऊ नयेत म्हणून औषध आधीच दिलेलं असतं.

लक्ष ठेवायचं ते तापावर. अनेक औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. ताप ३८ अंश सेल्सिअसला (१००.४ फॅरनहाइट) पोचला तर घरी गोळी घेऊन वाट पाहू नका, मध्यरात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि केमो सुरू असल्याचं आधी सांगा.