लायसोसोम एकादशीची वाट बघत नाहीत

आषाढ लागला की गावच्या ग्रुपवर, वाडीच्या ग्रुपवर आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: ‘२०१६ चं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमींना मिळालं ते उपवासासाठी! सोळा तास पोट रिकामं ठेवा. पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कचरापेट्या उघडतात, शरीरातलं विष बाहेर टाकतात आणि कॅन्सरच्या पेशींना शरीर स्वतःच खाऊन टाकतं. पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणून तर एकादशी. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि दहा जणांना पाठवण्याची आज्ञा.

या मेसेजातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि बाकीची सगळी वाक्यं त्याच्या जिवावर तरून जातात. म्हणून सुरुवात तिथूनच.

‘नोबेल उपवासासाठी मिळालं.’ ओसुमींना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकट्यांना मिळालं आणि ते ऑटोफॅजीवरच्या कामाला मिळालं, इथपर्यंत ठीक. पेशी आपलेच जुने, बिघडलेले भाग कसे मोडून पचवते, ती प्रक्रिया म्हणजे ऑटोफॅजी. पण ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला. पहाटे माडावरून उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत माडी होऊन चढायला लागतो, तो ज्याच्या करणीने, तेच हे यीस्ट.

१९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाल्यावर ओसुमींनी यीस्टची रिक्तिका, म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी, अभ्यासाला घेतली. यीस्टमध्ये लायसोसोमचं काम ही रिक्तिका करते. अडचण अशी, की आत आलेला माल इतका झटपट पचतो की सूक्ष्मदर्शकाखाली काही हाती लागत नाही. मग त्यांनी रिक्तिकेतली मुख्य पाचकद्रव्यंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याचं खाद्य तोडलं. आवक चालू, पचन बंद! काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आतल्या आत थरथरत नाचताना साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसले. पुढे कुठलं जनुक बिघडलं की हे सगळं अडतं याचा शोध घेत १९९३ मध्ये त्यांनी अशी १५ जनुकं दाखवून दिली. नोबेल आहे ते या कामाला.

आता खाद्य तोडलं म्हणजे नेमकं काय तोडलं? प्रामुख्याने नायट्रोजन. साखर त्या द्रावणात होतीच. म्हणजे ज्या ‘उपवासा’चा मेसेजात एवढा गाजावाजा आहे, तो यीस्टने साखर खात खात केला होता. माणूस, कॅन्सर आणि सोळा तास यांतलं काहीही त्या प्रयोगात नव्हतं.

‘पोट रिकामं झालं की लायसोसोम उघडतात.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने लायसोसोम म्हणजे काय हे बघितलेलंच नाही. बेल्जियमच्या ख्रिश्चन द दुव यांनी १९५५ मध्ये ते शोधले (ऑटोफॅजी हे नावही १९६३ मध्ये त्यांनीच दिलं). पटलाने, म्हणजे पातळ पडद्याने, बंद केलेली ही सूक्ष्म पिशवी. आत प्रथिनं, मेद, साखरा, डीएनए अशा सगळ्याचा फडशा पाडणारी पन्नासहून अधिक पाचकद्रव्यं. ही द्रव्यं आम्लात काम करतात, म्हणून पिशवीच्या आतला सामू (पीएच; जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५ ठेवलेला असतो, तर बाहेर पेशीद्रवात तो ७.२ च्या आसपास. सगळी गंमत ती पिशवी बंद असण्यात आहे. पेशीतला मोडका भाग आधी दुहेरी पटलात गुंडाळला जातो, मग ते गाठोडं लायसोसोमला चिकटून त्यात मिसळतं आणि पचन आतल्या आत होतं. उघडण्याबिघडण्याचा प्रश्नच नाही.

लायसोसोम खरोखर उघडले तर काय होतं ते बघायचं असेल तर बंदरावर जा. बर्फाविना तासभर उन्हात राहिलेला बांगडा उचला. अंगठ्याने दाबला की खळगा तसाच राहतो, कल्ले तपकिरी पडलेले, मांस काट्यावरून सुटायला आलेलं. यात जिवाणूंचा वाटा मोठा, पण पहिला हात माशाच्या स्वतःच्या पाचकद्रव्यांचा असतो. मासा मेला की पेशींमधली शिस्त मोडते आणि लायसोसोममधली कॅथेप्सिनसारखी द्रव्यं बाहेर झिरपून मांस सैल करू लागतात. मासळीवाली बर्फ घालते तो जिवाणूंना आणि या द्रव्यांना, दोघांनाही गारठवण्यासाठी. तुमच्या जित्याजागत्या पेशीत असं काही व्हावं अशी इच्छा धरू नका.

आणि लायसोसोम रिकाम्या पोटाची वाट बघत बसतात हेही खोटं. तुमच्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यातली प्रत्येक पेशी पिकताना केंद्रक बाहेर टाकते आणि आपल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ऑटोफॅजीनेच मोडीत काढते. हे काम दिवसरात्र चालतं. गणपतीत एकवीस उकडीचे मोदक तुपासकट रिचवून तुम्ही ओटीवर आडवे झालात तरी चालतं. उपासमारीत ऑटोफॅजीचा वेग वाढतो, हे खरं. पण वेग वाढणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. शिवाय पेशीत मोडतोडीची दुसरी व्यवस्थाही आहे. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करून त्यांचे तुकडे करणारं प्रोटिआझोम. त्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचा मेसेज अजून कोणी बनवलेला नाही, बहुधा कुठल्या तिथीशी जुळवता आला नसावा.

‘सोळा तास.’ हा आकडा कुठून आला? सोळा तास उपाशी, आठ तास खाणं, या डाएटमधून. ऑटोफॅजी सुरू होण्याची अशी घंटा माणसाच्या शरीरात कोणी मोजून दाखवलेली नाही, कारण चालत्याबोलत्या माणसाच्या यकृतात ती मोजणं हेच मुळात अवघड आहे. उंदरांत मोजलीय. ओसुमींचे सहकारी राहिलेले नोबोरू मिझुशिमा यांनी २००४ मध्ये ऑटोफॅजीची गाठोडी हिरवी चमकतील असे उंदीर तयार करून त्यांना २४ तास उपाशी ठेवलं. स्नायू, यकृत, हृदय सगळीकडे गाठोडी वाढली, पण वेळ ज्याची त्याची वेगळी, आणि मेंदूत वाढ दिसलीच नाही. शिवाय उंदराचा एक दिवस आपल्या एका दिवसाएवढा नसतो. तेवढ्यात त्याचं दहावा हिस्सा तरी वजन उतरतं. ६० किलोचा माणूस एका एकादशीत सहा किलो उतरला तर आपण त्याला फराळाला नव्हे, दवाखान्यात नेऊ.

‘विष बाहेर टाकतात.’ ऑटोफॅजी बाहेर काहीच टाकत नाही. कोकणात जुनं घर उतरवलं की त्याचे चिरे आणि वासे कोणी खड्ड्यात फेकत नाही, ते गोठ्याला नाहीतर नव्या पडवीला लागतात. पेशीचंही तेच. मोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं परत पेशीद्रवात येतात आणि त्यांतून नवं काही बांधलं जातं. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडून नव्याने बांधली जातात, आपण खातो त्याच्या तीन-चार पट. दाणापाणी तुटलं तर याच साठ्यावर पेशी दिवस काढते, आणि उपाशीपणात वेग वाढतो तो त्यासाठी. ऑटोफॅजीचं एक आवश्यक जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर दिवसभरात मरतात. नाळ तुटल्यापासून दूध अंगी लागेपर्यंतचा जो उपास पडतो, तो त्यांना निभावत नाही.

विषाचं खातं वेगळ्यांकडे आहे. यकृतपेशींमधलं पडद्यांचं जाळं, म्हणजे आंतर्द्रव्यजालिका, त्यातही रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण) नसलेला गुळगुळीत भाग, तेलात विरघळणाऱ्या परक्या द्रव्यांना पाण्यात विरघळण्याजोगं करते, आणि मग मूत्रपिंडं किंवा पित्त त्यांची वाट लावतात. ही यंत्रणाही काही जादूची नाही. आंब्याच्या तुडतुड्यांवर पूर्वी मारायचे त्या कीटकनाशकांपैकी मॅलॅथिऑनचं ती मॅलॉक्झॉन करते, आणि ते मूळ द्रव्यापेक्षा जहाल निघतं. म्हणून बागेत फवारणी करणाऱ्याने तोंडाला योग्य मास्क आणि हातात मोजे घालावेत. दुसऱ्या दिवशी कडक उपास करून भरपाई होत नाही. उलट, सलग काही दिवस नीट खाल्लं नाही तर यकृतातला ग्लुटाथायोनचा, म्हणजे घातक द्रव्यांना निष्प्रभ करणाऱ्या रेणूचा, साठा घटतो आणि पॅरासिटामॉलची जास्त झालेली मात्रा अधिक बाधते.

‘शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं.’ खरा घात या वाक्यात आहे. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःच्या कुडीतलं खाणं. तुमच्या निरोगी पेशीचा लायसोसोम शेजारच्या पेशीपर्यंत पोचूच शकत नाही. दुसऱ्या पेशींना गिळणाऱ्या मॅक्रोफेजसारख्या पेशी शरीरात आहेत, पण तो प्रतिकारशक्तीचा वेगळा कारभार आहे.

आणि ऑटोफॅजी कॅन्सरच्या पेशीलाही येते. बिघडलेल्या तंतुकणिका वेळेवर मोडीत निघाल्या तर पेशी बिघडण्याचा धोका कमी होतो, त्यामुळे सुरुवातीला ही प्रक्रिया आपल्या बाजूने असू शकते. पण गाठ एकदा वाढली की तिच्या मधल्या भागाला रक्त कमी पोचतं, तिथल्या पेशी कायमच्या अर्धपोटी असतात, आणि त्या तग धरतात त्या ऑटोफॅजीवर. म्हणून तर काही संशोधक कॅन्सरच्या औषधांबरोबर ऑटोफॅजी अडवून बघताहेत. त्यासाठी रुग्णांवरच्या चाचण्यांत वापरलं गेलं ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आपल्याकडे पावसाळ्यात मलेरियाला देत आले त्या क्लोरोक्विनचं भावंड. ते लायसोसोममध्ये शिरून तिथली आम्लता उतरवतं आणि पचन थांबवतं. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट दिशेला ही वाट जाते.

रात्रीच्या गाडीने परळला केमोसाठी जाणारी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. आजार आणि औषधं दोन्ही वजन खातात, स्नायू झडतात. मऊ भात, अंडं, माशाचं सार, जमेल तसं थोडं थोडं वरचेवर खा म्हणून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मागे लागतात. अशा माणसाला ‘सोळा तास उपाशी राहा, गाठ आपोआप खाल्ली जाईल’ म्हणणारा पुतण्या कितीही मायेने बोलत असला तरी नुकसानच करतो.

‘पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून एकादशी.’ आता आपल्या एकादशीचं ताट बघू. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली कणगी, वर केळं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; तो पोटात गेला की रक्तातली साखर आणि पाठोपाठ इन्सुलिन चढतं. इन्सुलिन आणि दाण्यातली अमिनो आम्लं मिळून पेशीत एमटॉर नावाचं प्रथिन जागं करतात आणि तेच ऑटोफॅजीला लगाम घालतं. मेसेजचाच हिशेब धरला तर खिचडीच्या पहिल्या बशीलाच उपास मोडला! खिचडी मलाही आवडते आणि उपासाला तिची आडकाठी नाही. विठोबासाठी जे जेवण सोडतात त्यांना त्यासाठी लायसोसोमची शिफारस कधी लागली नव्हती. ती चिकटवून देण्यात श्रद्धेचा मान वाढतो असं मला वाटत नाही.

‘डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ ऑटोफॅजी वैद्यकीयच्या पुस्तकांत आहे, विचारलं तर सांगतील. मात्र मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारायचा प्रश्न निराळा आहे. नेहमीची मात्रा घेऊन सोळा तास पोटात काही गेलं नाही तर साखर खाली कोसळू शकते. दरदरून घाम येतो, हात कापतात, बोलणं बरळल्यासारखं होतं, आणि घरचे ‘उपासाचा थकवा’ म्हणून निजवून ठेवतात. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर किंवा गूळ द्यायचा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करायचा. आणि उपास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळी किती घ्यायची, कधी घ्यायची, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणायचं.